गॅरेजाचे छत

गेल्या वैशाखात निपाणीस जाण्याचा योग आला असता आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील तरुण मुलाचे गॅरेज आम्ही पाहिले. एका जुन्या तंबाखूच्या वखारीचा मागचा भाग भाड्याने घेऊन तो तेथे ट्रॅक्टर व मोटारसायकली दुरुस्त करतो. उसाचा हंगाम चालू असला की त्याला जेवावयास सवड नसते. हंगाम सरतो न सरतो तोच उन्हाळा येतो, आणि मग डोक्यावरचा पत्रा असा तापतो की दुपारी बारानंतर तेथे उभे राहवत नाही. "पोरगं भाजून निघतंय हो काका, छत घाल म्हणून मीच मागं लागले," असे त्याच्या आईने आम्हांस सांगितले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सुतार यावयाचा होता. भिंतीशी थर्मोकोलच्या पांढऱ्याशुभ्र चौकोनी तक्त्यांची थप्पी रचून ठेवलेली होती. वरच्या पत्र्यास ड्रिलने चाळीसेक भोके पाडावयाची, त्यांतून तारा सोडावयाच्या आणि त्या तारांवर चौकट टांगून तक्ते बसवावयाचे, असा बेत होता. खर्च थोडा, काम एका दिवसाचे, आणि खालून पाहणाऱ्यास बँकेत आल्यासारखे वाटावे! परंतु या बेतात दोन चुका होत्या, आणि दोन्ही जिवाशी गाठ घालणाऱ्या होत्या.

पहिली चूक थर्मोकोलची. उष्णता अडविण्याच्या कामी हा पदार्थ वाईट नाही. त्यात शंभरातले सुमारे ९८ भाग हवाच असते. परंतु जेथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात आणि डब्यात पेट्रोल असते, तेथे तो डोक्यावर टांगणे म्हणजे पेटता पाऊस टांगून ठेवणे होय. आमचे म्हणणे त्या मुलास पटेना. "काका, हॉटेलात पण हेच लावतात की," तो म्हणाला. तेव्हा आम्ही एक तुकडा अंगणात नेऊन काठीस अडकविला व त्यास काडी लावली. तुकडा आक्रसला, काळा धूर सोडू लागला, आणि त्याचे वितळलेले जळते थेंब टपटप जमिनीवर पडून तेथेही जळत राहिले. मुलगा काही बोलला नाही. त्याच्या आईने मात्र पायाने माती लोटून ते थेंब विझविले. आगीस लवकर दाद न देणारा थर्मोकोलही मिळतो. तथापि शंभर अंशांच्या आसपास नरम पडण्याचा त्याचा स्वभाव त्याने सुटत नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर, कारण ती डोळ्यांस दिसत नाही. वखारीवरचा पत्रा लोखंडी नव्हता, आपण ज्यास सिमेंटचा पत्रा म्हणतो तो होता. या नावाने आपल्यापैकी कित्येकांची फसगत झालेली आहे. अशा पत्र्यात सिमेंटच्या जोडीला अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू घातलेले असतात. पत्र्यास बळकटी येते ती त्यांच्यामुळेच. पत्रा अखंड आहे तोवर हे तंतू बहुतांशी सिमेंटमध्ये जखडलेले राहतात. तो फोडला, कापला किंवा त्यास भोक पाडले की ते धुळीबरोबर मोकळे होतात, श्वासावाटे छातीत उतरतात आणि तेथून निघत नाहीत. त्यांपासून फुप्फुसे निबर होतात, कर्करोगही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अ‍ॅस्बेस्टॉसची कोणतीही जात यास अपवाद नाही. युरोपीय संघाने २००५ सालापासून त्यावर सर्वत्र बंदी घातली. आपल्याकडे मात्र असे पत्रे आजही दुकानांत मिळतात.

या रोगाचा कपटीपणा असा की तो लगेच दिसत नाही, वीस-तीस किंवा चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांविषयी निकाल दिला. त्यात प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत पुढची असेल तोवर जपून ठेवावी, असा आदेश आहे. तेवीस वर्षांच्या मुलाने आज डोक्यावर ड्रिल धरून चाळीस भोके पाडावी, आई केरसुणीने ती धूळ झाडावी, आणि त्याचा हिशेब मुलाच्या साठीत व्हावा, असा हा व्यवहार आहे. एका दिवसाच्या धुळीने रोग होईलच असे आम्ही म्हणत नाही. परंतु जो धोका एका तारेच्या बदली लाकडी वाशाने टळतो, तो अंगावर का घ्यावा?

वाचक विचारतील की अ‍ॅस्बेस्टॉस असलेला पत्रा ओळखावा कसा? डोळ्यांनी ओळखता येत नाही. हल्ली त्याविना केलेले पत्रेही निघाले आहेत. नवा पत्रा घेताना दुकानदारास स्पष्ट विचारावे. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात ते आहेच असे धरून चालावे. धूळ पडलीच तर कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पावसाळ्यापूर्वी गळती काढण्याकरिता माणसे या पत्र्यांवर सरळ पाय देऊन चढतात. तो पत्रा वयोमानाने ठिसूळ होतो आणि चढलेला मनुष्य पत्र्यासकट खाली येतो. चढणे भागच असेल तर तुळयांवर टेकेल अशी लांब फळी आडवी टाकून तीवरून चालावे.

आपल्या वाडवडिलांस हा प्रश्न पडला नव्हता, कारण त्यांच्या डोक्यावर कौल होते. मंगळूरास बासल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन गृहस्थांनी १८६५ साली यंत्राने कौले काढण्यास आरंभ केला, आणि ते चपटे लाल कौल पुढे सबंध पश्चिम किनाऱ्यावर व घाटावरही पसरले. आपल्या खानापुरातही मातीच्या गुणामुळे कौलांचा धंदा उभा राहिला. मंगळुरी कौलाच्या खाली, रिपांवर, आणखी एक पातळ नक्षीदार कौल बसविण्याची पद्धत होती. गोव्याकडच्या जुन्या घरांत ते पाहावयास मिळते. दोन कौलांच्या मधे हवा राहते, ऊन वरच अडते, आणि ठिणगी उडाली तरी मातीस काय होणार? ज्यांच्या कामाच्या जागेवर अद्याप कौले आहेत त्यांनी दुसरे कोणतेही छत शोधण्यापूर्वी हे खालचे कौल मिळते का ते पाहावे. फक्त उजेडासाठी घातलेली काचेची कौले त्याने झाकली जाणार नाहीत एवढी काळजी घ्यावी.

पत्र्याखाली मात्र पर्याय मोजकेच. लाकडी तक्तपोशी राहत्या घरात शोभते; गॅरेजात ती तेल पिते आणि वाळवीस व ठिणगीस सारखीच आमंत्रण देते. तट्ट्या व गोणपाट यांविषयी बोलणेच नको. पी.व्ही.सी.च्या पट्ट्या सहज पेटत नसल्या तरी उष्णतेने लोंबतात, आणि आगीत सापडल्या तर त्यांचा धूर घसा व छाती जाळतो. जिप्समचा बोर्ड आगीपुढे चांगला टिकतो. त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा स्फटिकात बांधलेले पाणीच असते, आणि ते पाणी निघून जाईपर्यंत आग पलीकडे जात नाही. परंतु गळक्या छपराखाली तो एका आषाढात फुगून खाली येईल. बेळगाव-खानापूरकडच्या पावसात तर विचारूच नका.

उरला अ‍ॅस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचा बोर्ड. तो जळत नाही, कुजत नाही, ओलीस भीत नाही. वजनाने जड, ६ मिलिमीटर जाडीचा घेतला तरी चौरस मीटरास आठ-नऊ किलो भरतो, म्हणून चौकट मजबूत व आधार दोन-दोन फुटांवर हवेत. कापताना पाणी मारावे व नाकातोंडास मुसके बांधावे, कारण त्याचीही धूळ छातीस चांगली नव्हे. हा बोर्ड स्वतः फारसे ऊन अडवीत नाही; अडविते ती त्याच्या वरची हवा, आणि तीही वाहती असेल तरच. यासाठी दोन्ही बाजूंच्या भिंतींत माथ्याजवळ झरोके ठेवून त्यांस बारीक जाळी लावावी. जाळी विसरलात तर पहिल्या महिन्यातच उंदीर आपला संसार तेथे थाटतील, आणि मग छत घातले ते कोणासाठी असा प्रश्न पडेल.

त्या मुलाचे पुढे असेच ठरले. वरच्या पत्र्यास एकही भोक न पाडता भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी नळ्या घालून त्यांवर बोर्ड बसविले. चौकट नट-बोल्टांची केली, कारण जागा भाड्याची आहे व उद्या सोडावी लागली तर ती बरोबर नेता येईल. इंजिन उचलण्याची चेन पुली मूळच्याच गर्डरला राहिली. तिच्यापुरती जागा बोर्डांत मोकळी सोडली. खर्च आधीच्या दुपटीहून थोडा अधिक झाला, म्हणून अर्धे छत या वर्षी आणि अर्धे पुढच्या हंगामानंतर. दुपारी बारानंतर तो आता छत घातलेल्या बाजूस काम करतो.

थर्मोकोलची थप्पी दुकानदाराने निम्मीच परत घेतली. उरलेले तक्ते धाकट्या बहिणीने नाताळच्या गोठ्याचे डोंगर करण्यासाठी माळ्यावर ठेवून दिले आहेत. त्यांच्याजवळ मेणबत्ती लावावयाची नाही, असे आईने तिला आताच बजावून ठेवले आहे.