लाल कोबी जरूर लावा, पण भाव सोडू नका



कापसाला भाव मागितला की आम्हाला उपदेश मिळतो. परसबाग करा, लाल कोबी लावा, वसईचे वाडीवाले बघा! ठीक आहे. बघूच वसई.

पालघर जिल्ह्यातल्या या वाड्यांना विहिरीचे गोडे पाणी हाताशी, मुंबईची लोकल दाराशी. केळी, विड्याची पाने, फुले, भाजी पिकवण्यात त्या माणसांचा हात धरणारा कोणी नाही. मग वाड्या का घटल्या? विहिरींचे पाणी टँकरने शहराकडे गेले, विहिरी मचूळ झाल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि गावकरी हरित वसईसाठी लढले. तरी इमारती चढल्या, 2009 साली महानगरपालिकाही झाली. कसब कमी पडले नव्हते. भाजीच्या पैशापुढे बिल्डरचा पैसा भारी पडला.

पाणी आणि बाजार दोन्ही असून भाजीने वाडी राखली नाही. मग आमच्या कोरडवाहू रानाला चार गड्डे कसे तारणार?

म्हणजे लाल कोबी लावूच नये का? जरूर लावा. 1991 साली शरद जोशींनी सीताशेती मांडली. तिचे सूत्र साधे होते : तुकडा घरच्या बाईच्या हाती आणि बाहेरची खरेदी कमीत कमी. परसात दहा रोपे पुरेत. ऑक्टोबरात बी टाका. महिन्याने गादीवाफ्यावर दीड-दीड फुटावर रोपे लावा. भाज्या-धान्य धुतलेले पाणी द्या. कडेने मोहरी पेरा, कोबीच्या अळीचा पतंग मोहरीकडे ओढला जातो. शिजताना भाजी निळी पडली तर घाबरू नका, तो क्षाराच्या पाण्याचा गुण. चिंचेचा कोळ घाला, पुन्हा तांबडी होईल. पण हे पीक थंडीचे, आमच्या रानात त्याला बी धरत नाही. पुडी दरवर्षी विकतच आणावी लागते. म्हणून खाण्यापुरताच लावा, कर्ज काढून एकर लावू नका.

ऑगस्ट 2025 मध्ये, नवा कापूस घरात येण्याच्या तोंडावर, सरकारने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले. तो घाटा परसातून कसा भरून निघणार? परसातला कोबी पोराच्या ताटात जाईल. सावकाराचे देणे फिटेल ते कापूस-ज्वारीच्या भावानेच.

तेव्हा उपदेश करायला कोणी गावात आला तर त्याला कोबीची भाजी वाढा आणि एकच विचारा : आमच्या कापसाचे काय?

भीक नको, हवे घामाचे दाम!