गल्ल्यावर बसवलेले गिऱ्हाईक

दुकानदाराचे काम थोडेथोडे करून गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायचे, ही कल्पना आजची नव्हे. १९१६ साली अमेरिकेतल्या मेंफिस शहरात क्लॅरन्स सॉन्डर्स नावाच्या गृहस्थाने ‘पिगली विगली’ हे किराणा दुकान काढले आणि गिऱ्हाइकाच्या हाती टोपली देऊन त्याला फळ्यांमधून मोकळे सोडले. तोवर तिकडेही आपल्या वाण्याकडे चाले तसेच चालत असे. गिऱ्हाइकाने यादी वाचायची आणि नोकराने माल काढून, जोखून, बांधून द्यायचा. सॉन्डर्सने माल काढण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपवले, पण हिशेब करून पैसे घेण्याचे काम आपल्या माणसाकडे ठेवले. १९७४ च्या जून महिन्यात ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंग गमचे एक पाकीट त्यावरच्या काळ्या रेघांच्या आधारे प्रथम विकले गेले, तेव्हाही ते यंत्रावरून सरकवणारा हात दुकानातल्या नोकराचाच होता. ऐंशीच्या दशकात फ्लोरिडातल्या डेव्हिड हंबल यांच्या ‘चेकरोबॉट’ने तेही काम गिऱ्हाइकाला दिले, पैसे घ्यायला मात्र एक रोखपाल शिल्लक होता. पुढे तोही गेला.

माझी मुलगी इंग्लंडात लेस्टरला असते. तिच्याकडे गेलो की दूध-भाजी आणण्याचे काम माझ्याकडे येते, त्यामुळे ही यंत्रे मी बऱ्यापैकी जवळून पाहिली आहेत. रचना साधी आहे. वस्तूवरच्या रेघा काचेसमोर धरायच्या, वस्तू शेजारच्या पिशवीत टाकायची. त्या पिशवीखाली वजनकाटा असतो. यंत्राच्या हिशेबातले वजन आणि काट्यावरचे वजन जुळले नाही, की यंत्र गोड पण कोरड्या आवाजात सांगते, ‘पिशवीच्या जागी अनपेक्षित वस्तू आहे’. मग लाल दिवा लागतो आणि आठ यंत्रांवर लक्ष ठेवणारी एकटी बाई धावत येते. गिऱ्हाईक वयस्कर असले की बाई पाच मिनिटांत तीनदा येते. सुटी भाजी असेल तर पडद्यावरच्या चित्रांतून ती आपणच ओळखायची. कांद्याच्याच तीन जाती समोर येतात!

या यंत्रांची तुलना नेहमी एटीएमशी केली जाते. छत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे म्हणा, मला ही तुलना मुळीच पटत नाही. एटीएममध्ये नोटा मोजते ते यंत्र आणि मोजणी चुकली तर उत्तर द्यायचे ते बँकेने. दुकानातल्या या यंत्राला पिशवीत काय पडले ते ठाऊकच नसते. गिऱ्हाईक सांगेल त्यावर ते विश्वास ठेवते, फार तर वजन ताडून पाहते. म्हणजे रोखपालाच्या जागी इथे यंत्र आलेलेच नाही. त्याच्या जागी आपण आलो आहोत, आणि तेही बिनपगारी. इव्हान इलिच यांनी १९८१ साली अशा बिनमोलाच्या श्रमांना ‘शॅडो वर्क’ म्हटले होते. आपण त्याला साध्या मराठीत वेठ म्हणू.

पण श्रम फुकट जातात ही माझी मुख्य तक्रार नाही. मालाचे दर खरोखरच उतरणार असतील तर दोन मिनिटे वेठ करायला माणूस तयार होईल. प्रश्न जबाबदारीचा आहे. बँकेत नोंद करणारा एक आणि ती तपासून पास करणारा दुसरा, हा नियम नव्या कारकुनाला पहिल्याच आठवड्यात शिकवला जाई. संध्याकाळी रोकड कमी भरली तर रोखपाल ती पदरची भरी. जास्त भरली तर ती वेगळ्या खात्यात जमा होई. पण त्या कामासाठी त्याला शिकवलेले असे, भत्ता मिळे, पाठीशी युनियन असे आणि शंभराची नोट कमी भरली म्हणून त्याला कोणी चोर म्हणत नसे. तेच काम आता ना शिकवलेल्या, ना नेमलेल्या माणसाकडून करून घेतले जाते, आणि दहीच्या डब्याची रेघ वाचायची राहिली तर तिला ‘तूट’ हा शब्दच उपलब्ध नाही. ती एकदम चोरी होते. इंग्लंडातल्या काही दुकानांत तर पावती यंत्राला दाखवल्याशिवाय फाटक उघडत नाही. काम तुमचे, संशयही तुमच्यावरच!

संशय निराधार आहे असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या दुकानात साठ्यात होती त्यापेक्षा जास्त गाजरे विकली गेल्याचे आढळले, असे गुन्हेशास्त्राच्या अभ्यासक एमेलिन टेलर यांनी लिहून ठेवले आहे. महागडी फळे काट्यावर ठेवून लोक गाजराचे चित्र दाबत होते. यातले कित्येक जण माणसासमोर असे करण्याचे स्वप्नातही आणणार नाहीत. डोळ्यांत पाहणारे कोणी नसले की बाकी सगळे सोपे होते. एड्रियन बेक यांच्या २०२२ च्या अभ्यासात दुकानदारांनीच अंदाज दिला की उलगडा न होणाऱ्या तुटीपैकी २३ टक्क्यांपर्यंतचा वाटा या यंत्रांचा असावा. पगार वाचवायला आणलेले यंत्र तिजोरीलाच भोक पाडत होते.

मग माघार सुरू झाली. उत्तर इंग्लंडातल्या ‘बूथ्स’ने २०२३ मध्ये आपल्या २८ पैकी दोन दुकाने सोडून बाकीची यंत्रे काढायचे ठरवले. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ने बहुतेक दुकानांत दहा वस्तूंची मर्यादा घातली. हॉलंडमधल्या ‘युम्बो’ने तर २०१९ मध्येच एक मुद्दाम संथ काउंटर सुरू केले होते, जिथे एकट्या वृद्धांनी रोखपालाशी चार शब्द बोलावेत. म्हणून यंत्रे जाणार असे समजू नये. बहुतेक ठिकाणी ती आहेतच, वर कॅमेऱ्यांची भर पडली आहे.

आणि या कॅमेऱ्यांमागची गंमत पाहा. ‘ॲमेझॉन’च्या बिनगल्ल्याच्या दुकानांतून माल उचलून सरळ बाहेर पडता येई. २०२४ मध्ये बातमी आली की या व्यवस्थेमागे भारतात बसलेले सुमारे हजार लोक चित्रफिती पाहून खरेदी तपासत होते. हे लोक थोडेच व्यवहार तपासतात, बाकी यंत्राला शिकवण्याचे काम करतात, असा कंपनीचा खुलासा आहे. तो मान्य केला तरी रोखपाल नाहीसा झाला नव्हता, फक्त गिऱ्हाइकाच्या नजरेआड गेला होता, एवढे उरतेच.

आपल्याकडे ही यंत्रे जोमाने पसरली नाहीत, त्याचे कारण माणुसकी नव्हे, पगार. गल्ल्यावरची मुलगी यंत्रापेक्षा स्वस्त पडते. दिवसभर उभ्या राहणाऱ्या अशा मुलींना बसण्याचा हक्क देण्यासाठी केरळला २०१८ मध्ये आणि तामिळनाडूला २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली, यावरून त्या स्वस्ताईचा अंदाज यावा.

आमच्या ठाण्यातल्या एका मोठ्या दुकानात अलीकडे अशी दोन यंत्रे आणून ठेवली आहेत. त्यांच्याजवळ एक मुलगी उभी असते. ती गिऱ्हाइकाच्या हातातून एकेक वस्तू घेते, काचेसमोर धरते, पिशवीत भरते आणि कुठे बोट दाबायचे ते दाखवते. दारावरचा रखवालदार नेहमीप्रमाणे बिलावर शिक्का मारतो. खुर्ची दोघांपैकी कोणालाच नाही.