डाग जात नाही, हे सुश्रुतानेच सांगून ठेवलंय

माझ्या फोनला माझ्या बहिणीच्या मानेवरचा डाग ठाऊक आहे. मागे एकदा तिच्यासाठी 'भाजल्याचे जुने डाग उपाय' असं सर्च केलं, आणि तेव्हापासून रील्स थांबलेल्या नाहीत. मागे पितळी खलबत्ता, पुढे पांढरा कोट, हातात काचेची बाटली. हजारो वर्षांचं ज्ञान, शंभर टक्के नैसर्गिक, काही आठवड्यांत डाग गायब. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ही जाहिरात माझ्यापर्यंत कशी पोचते हे मला नीट कळतं. विकणारा ज्या ग्रंथाचं नाव घेतो तो त्याने कधी उघडलाय का, हे मात्र कळत नाही.

म्हणून मी उघडला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, सुश्रुत 'व्रण' या शब्दाची फोड करतो. त्याचा मथितार्थ असा: जखम भरून आली तरी तिची खूण नाहीशी होत नाही, देह असेपर्यंत ती राहते, म्हणून तिला व्रण म्हणायचं. आपल्या मराठीतला 'वण' याच व्रणातून आलाय. संस्कृतातली जखम मराठीत येता येता जखमेची खूण झाली. भाषेलासुद्धा कळलं होतं की शेवटी उरतं ते हेच.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. आयुर्वेदाच्या नावाने 'डाग घालवतो' असं सांगून बाटली विकणं ही सगळ्यात आधी आयुर्वेदाशीच केलेली लबाडी आहे. आणि तिची खरी किंमत पैशांत नाही, वेळेत मोजावी लागते. कशी ते सांगतो.

आमचं घर चिखल्यात. डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका बाजूला चिकूची वाडी, दुसऱ्या बाजूला सुरूचं बन आणि समुद्र. २००७ची दिवाळी. मी दहा वर्षांचा, धाकटी सहाची. चकलीची कढई कलंडली. तेल माझ्या पोटरीवर आलं, आणि तिच्या मानेवर आणि उजव्या हातावर. कुणी टूथपेस्ट लावली, कुणी हळद. पाणी मात्र कुणी ओतू दिलं नाही. "पाण्याने फोड येतात," असं शेजारची काकू ओरडत होती.

महिन्याभरात जखमा भरल्या आणि घरात 'डाग' हा विषय सुरू झाला. तिचा डाग, माझा नव्हे. माझ्या पोटरीबद्दल आजतागायत कुणी एक शब्द काढलेला नाही. तिच्या मानेसाठी तेलं आली, लेप आले, वलसाडहून मागवलेली एक डबी आली, महिन्याला नऊशे रुपयांची एक बाटली आली. "पोरीची जात, उद्या लग्न व्हायचंय." दोन वर्षं सगळ्यांची नजर मानेवर होती. तेवढ्या काळात तिची करंगळी आणि अनामिका हळूहळू तळव्याकडे वळत गेल्या. आम्हाला वाटलं, मूठ मिटून ठेवायची सवय लागलीय.

हे ज्याने ओळखलं तो वैद्य होता. रीतसर बीएएमएस, पुढे शल्यतंत्र शिकलेला. त्याने मान पाहिली असेल-नसेल, हात मात्र बराच वेळ पाहिला. मग आईला म्हणाला, "ताई, मानेचा डाग राहणार. त्याच्यामागे लागू नका. हा हात आधी सोडवून घ्या, सर्जनकडे न्या." तोवर कोणत्याही बाटलीने आम्हाला हे सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशी? बाटलीला बोटं दिसत नाहीत.

खोल भाजल्यावर जी नवी कातडी येते ती पुढे कित्येक महिने आवळत राहते. सांध्यावर असेल तर सांधाच आखडतो. त्या काळात पट्टी बांधून बोट सरळ ठेवणं, रोज व्यायाम, दाब देणारे मोजे, सिलिकॉनची जेल किंवा पट्टी, ऊन टाळणं, यांनी खूप काही वाचवता येतं. ती वेळ गेली की शस्त्रक्रिया उरते. आम्ही ती वेळ मानेला तेल चोळण्यात घालवली. तेव्हा डहाणू रोडपर्यंत लोकलही नव्हती. मुंबईच्या खेपा, ऑपरेशन, पुढे कित्येक महिने हाताला पट्टी. अनामिका आता सरळ होते. करंगळीचं टोक अजून वाकडं आहे.

आता ग्रंथाकडे परत येऊ, कारण 'आयुर्वेदाची बदनामी' असा आरोप येणार हे मला माहीत आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम मोजले आहेत. त्यातले बहुतेक जखम धुणं, पू काढणं, शिवणं, बांधणं, कृमींपासून जपणं, रोग्याचा आहार सांभाळणं अशा कामाचे. नीट भरलेली जखम कोणती, तेही त्याने सांगितलंय: गाठ नाही, सूज नाही, वेदना नाही, पातळी सपाट, रंग कातडीसारखा. हे उद्दिष्ट जखमेपासून सुरू होतं, डाग जुना झाल्यावर नाही. जात्यादी तेलही मूळचं उघड्या व्रणासाठी. रील्सवर मुरुमांच्या खड्ड्यांसाठी विकलं जाणारं कुंकुमादी तेल अष्टांगहृदयात येतं ते वांगासारख्या चेहऱ्यावरच्या काळसर डागांसाठी. खड्डा आणि काळसरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाग्भटाला माहीत होतं. विकणाऱ्यांना ते माहीत नसेल असं मला वाटत नाही.

रंगासाठी साठातले दोन उपक्रम आहेत: पांढरा पडलेला वण काळा करण्याचं कृष्णकर्म आणि काळा पडलेला उजळ करण्याचं पांडुकर्म. कृष्णकर्मात बिब्ब्याचं तेल आहे. बिब्बा कातडीला लागला तर काय होतं हे आपल्या आज्यांना विचारा. कामात 'बिब्बा घालणं' हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. पाच हजार वर्षांचा जप करणारा एकही इन्फ्लुएन्सर मानेवर बिब्बा चोळून दाखवत नाही. म्हणजे ग्रंथातून काय घ्यायचं आणि काय सोडायचं याची निवड तेही करतातच. फक्त आम्ही निवड केली की ती बदनामी ठरते.

आणि सुश्रुत चुकलाही आहे. हलक्या भाजण्यावर गार पाणी नको, शेक द्या, असं तो सांगतो. गारव्याने रक्त गोठतं, असं त्याचं कारण. आजचा प्रथमोपचार नेमका उलट आहे: भाजल्याबरोबर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, बर्फ नको, पेस्ट नको. चिखल्यातल्या काकूने सुश्रुत वाचला नव्हता, पण जुनी समजूत अशीच टिकते. चूक मान्य केल्याने सुश्रुत लहान होत नाही. त्याने कारण दिलं होतं, आणि कारण दिलं की ते तपासता येतं. बाटलीवर कारण नसतं, फक्त ऋषीचं चित्र असतं.

आपल्याकडे खरी परंपरा कशी होती याचा एक पुरावा पुण्याचा आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेला कावसजी नावाचा इंग्रज फौजेचा गाडीवान. त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. करणारा माणूस विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता. क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, आणि ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते छापून आलं. त्यानंतर युरोपातल्या सर्जनांनी ही रीत उचलली. त्या वृत्तांतात कपाळावरच्या वणाबद्दल काय म्हटलंय? काही काळाने तो फारसा नजरेत भरत नाही, एवढंच. गायब झाला, असं नाही. नवं नाक बसवणाऱ्याच्या करामतीबद्दलसुद्धा इतकं जपून लिहिलं गेलं. आज नाक सोडा, पुळी बरी न करणारे गायब करून दाखवतात.

दुसरा पुरावा हळदीचा. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हानित केलं आणि १९९७मध्ये ते रद्द झालं. आपण अजून छाती फुगवून ही गोष्ट सांगतो. पण ती लढाई जिंकली कशाने? संस्कृत ग्रंथांपासून १९५३च्या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंतची कागदपत्रं समोर ठेवून. परक्याकडे पुरावा मागायचा आणि घरच्या बाटलीकडे मागितला की देशद्रोह, हे कसं चालेल?

कायदा काय करतो? औषधाबद्दल खोटी समजूत करून देणारी जाहिरात १९५४च्या कायद्यानेच मना आहे. २०१८मध्ये नियम १७० आला: आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी मंजुरी घ्या. १ जुलै २०२४ला केंद्र सरकारने तो नियम काढून टाकला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५मध्ये ते प्रकरणच बंद झालं. आता पहारा देणारे आपणच.

यावर कुणी म्हणेल, अ‍ॅलोपॅथीवाले तरी काय साधू आहेत? नाहीतच. लेझरची सहा सिटिंगची पॅकेजेस विकणारेही 'कायमचं' हा शब्द सर्रास वापरतात. त्यांनाही हाच प्रश्न विचारा. कुणी म्हणेल, तेल चोळून नुकसान काय, कातडी मऊ तर होते. होते. भरलेल्या वणावर साध्या तेलाचा मसाजही चांगला, खाज आणि ताण कमी होतो. तेवढंच सांगून विका, मीही विकत घेईन. माझं भांडण 'मऊ होईल' या शब्दांशी नाही, 'गायब होईल' या शब्दांशी आहे. कारण त्या शब्दांमागे लपलेला निरोप असा असतो: डाग आहे तोवर तू अपुरी आहेस. हा निरोप पोटरीला येत नाही. मानेला येतो, आणि तीही मुलीच्याच.

तेव्हा पुढच्या वेळी ती रील आली की तीनच प्रश्न विचारा. हे उघड्या जखमेसाठी आहे की भरलेल्या वणासाठी? कोणत्या ग्रंथात, कशासाठी सांगितलंय? आणि किती जणांवर वापरून, कशाशी ताडून पाहिलंय? उत्तराऐवजी श्रद्धेची भाषा आली तर स्क्रोल करा. घरात कुणी भाजलं तर आधी नळ उघडा, मग दवाखाना गाठा, आणि जखम भरल्यावर मानेआधी बोटं उघडतात का ते बघा.

बहिणीला हा लेख छापण्याआधी वाचायला दिला. तिने मानेच्या भागावरून भराभर अंगठा फिरवला आणि एका ठिकाणी थांबली. "दादा, करंगळीचं टोक वाकडं आहे असं लिहिलंयस. टायपिंगला त्याने काही अडत नाही, हेही लिही."

लिहिलं.