स्मॉल सेल म्हटले की शस्त्रक्रिया बाद?

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘स्मॉल सेल’ असे आले की शस्त्रक्रियेचा विषय बहुधा तिथेच संपतो. धूम्रपानाशी घट्ट नाते असलेला फुफ्फुसाचा हा कर्करोग झपाट्याने वाढतो आणि सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत निदान होईपर्यंत दूरवर पसरलेला असतो. त्यांच्यासाठी केमोथेरपी, इम्युनोथेरपी, गरजेप्रमाणे रेडिएशन हाच मार्ग, याबद्दल दुमत नाही. पण काही थोड्या रुग्णांत, शंभरात पाचही नसतील, गाठ लहान असते आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेली नसते. त्यांनाही तोच नियम सरसकट लावणे मला चुकीचे वाटते.

या नियमाचे मूळ १९६०च्या दशकात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १४४ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत आहे. तिच्यात शस्त्रक्रियेपेक्षा रेडिएशन सरस ठरले. मात्र सीटी स्कॅन तेव्हा नव्हता, निदान ब्रॉन्कोस्कोपीने झालेले, म्हणजे गाठी मोठ्या श्वासनलिकांजवळच्या. शस्त्रक्रिया ठरलेल्यांपैकी निम्म्यांचीही गाठ पूर्ण काढता आली नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीतही केमोथेरपीनंतरच्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढले नाही. पण फुफ्फुसाच्या कडेला एकच लहान गाठ असलेले रुग्ण तिच्यात घेतलेच नव्हते. ज्यांना शस्त्रक्रियेचा लाभ होण्याची सर्वाधिक शक्यता, त्यांच्याविषयी या दोन्ही चाचण्या फारसे काही सांगत नाहीत.

२०१६ मध्ये अमेरिकेतील ९५४ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. लहान गाठ काढून पुढे केमोथेरपी घेतलेल्यांपैकी ५२.७ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. केमोथेरपी न घेतलेल्यांत हे प्रमाण ४०.४ टक्के होते. एवढ्या आक्रमक रोगात हे आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत, आणि नुसती सुरी पुरत नाही हेही त्यांतून दिसते. शस्त्रक्रियेसाठी मुळात धडधाकट रुग्णच निवडले जातात, त्यामुळे आकडे चांगले दिसतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मी फक्त याच गटाबद्दल बोलतो आहे आणि तेही पूर्ण तपासणीनंतर: पेट स्कॅन, मेंदूचा एमआरआय आणि दोन फुफ्फुसांमधल्या ग्रंथींतून दुर्बिणीवाटे सुईने घेतलेले नमुने. ग्रंथीत रोग सापडला तर केमो-रेडिएशनच योग्य. त्या उपचारानंतर दिलेल्या डर्व्हालुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यक (मीडियन) आयुर्मान ३३.४ वरून ५५.९ महिन्यांवर नेले, मग शस्त्रक्रिया हवीच कशाला, असेही विचारले जाते. यश मोठे आहे, पण त्या चाचणीतले बहुतेक रुग्ण तिसऱ्या टप्प्यातले होते आणि पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले घेतले ते शस्त्रक्रियेला अयोग्य ठरलेलेच.

आपल्याकडे एक्स-रेवरचा डाग पुष्कळदा थुंकीत पुरावा नसतानाही टीबी समजला जातो आणि औषधांत महिने जातात. या कर्करोगाला पसरायला तेवढा वेळ पुरतो. तेव्हा असा डाग औषधांनी हटत नसेल तर सीटी आणि बायोप्सी लांबवू नये, आणि रिपोर्ट स्मॉल सेलचा आला तरी ट्यूमर बोर्डात, म्हणजे कर्करोगाच्या निरनिराळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, छातीच्या शल्यविशारदाने तो स्कॅन पाहिल्याशिवाय शस्त्रक्रियेवर काट मारू नये.