मावशीचं बोर्डिंग

तिसऱ्या वर्षाच्या कम्युनिकेटिव्ह इंग्लिशमध्ये आम्हाला 'ॲट द एअरपोर्ट' नावाचा पाठ होता. त्यात एक बाई काउंटरवर जातात, 'गुड मॉर्निंग' म्हणतात आणि खिडकीजवळची जागा मिळेल का, असं फार आदबीनं विचारतात. काउंटरवरचा माणूस त्याहून आदबीनं 'सर्टनली, मॅडम' म्हणतो. दोघांनाही घाई नसते. मागे रांग नसते, बॅग दोन किलोनं जास्त भरत नाही, आणि बाईंच्या पिशवीत लोणच्याची बरणीही नसते. आम्ही जोड्या करून हा संवाद पाठ केला, तोंडी परीक्षेत म्हटला आणि चांगले मार्क घेतले. मला त्या पाठाशी थोडं भांडायचं आहे. त्याहून जास्त स्वतःशी.

झालं असं की माझी मावसबहीण मस्कतला नर्स आहे. तिचं पहिलं बाळंतपण आलं आणि मावशीनं जायचं ठरलं. मावशी सातवी शिकलेली. बेळगावच्या बाहेर म्हणजे वेलंकणी आणि जुनं गोवं, एवढाच तिचा प्रवास. सांबऱ्याहून आखातात थेट विमान नाही, मुंबई नाहीतर गोवा गाठावं लागतं. तिचं तिकीट मुंबईहून निघालं. घरात साहित्य शिकणारी, इंग्रजी फाडफाड बोलणारी मी एकटी, त्यामुळे तिला तयार करायचं काम माझ्याकडे आलं. पंधरा दिवस, संध्याकाळची रोजरी आटोपली की आमचा वर्ग सुरू. मी वहीत वीस वाक्यं लिहून दिली, देवनागरीत. 'मे आय हॅव अ विंडो सीट प्लीज.' 'व्हेअर इज द गेट प्लीज.' मावशी ती 'आमच्या बापा'सारखी पाठ करायची, एका दमात, मध्ये थांबली तर पहिल्यापासून.

पहिल्याच दिवशी आम्ही 'बोर्डिंग'वर अडलो. मावशी लहानपणी सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये राहून शिकलेली. तिच्या लेखी बोर्डिंग म्हणजे पहाटेची घंटा, रांगेतली आंघोळ आणि पातळ आमटी. 'बोर्डिंग पास' म्हटल्यावर ती म्हणाली, "मी पास कुठं झाले, सातवीतच सोडलं की." मी हसले. आता वाटतं, तिथंच वही मिटायला हवी होती आणि आधी सगळं मराठीत सांगायला हवं होतं. कारण अडचण शब्द न येण्याची नव्हतीच. शब्द तिला येत होते, पण दुसऱ्या अर्थानं.

विमानतळावरचे निम्मे इंग्रजी शब्द आपल्या घरात आधीच राहायला आलेले आहेत, हे आपल्या लक्षात येत नाही. 'गेट' म्हणजे कंपाउंडचं फाटक, बाहेरून आत यायचं. विमानतळाच्या इमारतीत शिरायच्या दारांनाही नंबर असतात, आणि आत विमानात चढायच्या दारांनाही. दोन्ही 'गेट'च. 'क्लेम' आपल्याकडे इन्शुरन्सचा करतात, म्हणजे काहीतरी वाईट घडल्यावर. त्यामुळे 'बॅगेज क्लेम'ची पाटी वाचून मावशीला वाटलं, बॅग हरवलेल्या लोकांनी तिकडं जायचं. आणि 'बेल्ट'! सुरक्षा तपासणीला बेल्ट काढा, विमानात बसल्यावर बेल्ट बांधा, आणि उतरल्यावर सामान चार नंबरच्या बेल्टवर. एका प्रवासात तीन बेल्ट, आणि साडी नेसलेल्या बाईकडे एकही नाही.

पाठात यातलं काही नसतं. पाठात 'आइल' आणि 'विंडो' यांतला फरक असतो. पण आता जागा बहुतेकदा फोनवरच ठरते, ती कुणी विचारतही नाही. विचारतात ते भलतंच. मोठ्या बॅगेत पॉवर बँक आहे का? बॅग तुम्ही स्वतः भरली का? आखातात जाणाऱ्याला विचारतात, कामाला चाललात की भेटीला, परतीचं तिकीट दाखवा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बऱ्याचदा ईसीआर लागलेलं असतं, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारी मंजुरी लागते. त्यामुळे 'व्हिजिट' की 'एम्प्लॉयमेंट' या एका शब्दानं माणूस अडू शकतो. आमच्या गल्लीतून, आमच्या पॅरिशमधून किती जण आखातात आणि बोटीवर गेलेत! त्यांच्या आयांना जो प्रश्न हमखास येतो, तो आमच्या पुस्तकात नाही, आणि खिडकीची जागा मात्र दोन पानं.

आता मुंबईत काय झालं ते सांगते. मावसभावानं मावशीला दारापर्यंत सोडलं. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, म्हणजे नेमकं जिथं अडायचं तिथून पुढं माणूस एकटा. सामान दिलं, शिक्का बसला, तपासणी झाली. वीस वाक्यांपैकी एकही लागलं नाही. पासवर जो गेट नंबर होता तिथं ती जाऊन बसली. मधे केव्हातरी गेट बदललं आणि पडद्यावर नवा नंबर आला. मोठ्या विमानतळांवर हल्ली पूर्वीसारखी सारखी घोषणा करत नाहीत, पडदाच बघावा लागतो. मावशीला पडदा वाचता येत नव्हता असं नाही, पण तो बघत राहायचा असतो, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. कुणी म्हणजे मी.

शेजारची माणसं उठून गेली. काहीतरी चुकतंय, हे तिला कळलं. आणि तरी ती अर्धा-पाऊण तास तशीच बसून राहिली. समोरून गणवेशातली माणसं येत-जात होती, त्यांतली कितीतरी आपसांत मराठी बोलत होती. हिनं कुणालाही विचारलं नाही. शेवटी फरशी पुसणाऱ्या एका बाईनंच थांबून विचारलं, "मावशी, कुठं जायचंय तुम्हाला?" आणि हाताला धरून नव्या गेटपर्यंत पोचवलं. दार अजून बंद झालं नव्हतं.

दोन दिवसांनी फोनवर मावशी हे सगळं हसत हसत सांगत होती. मी म्हणाले, "अगं, पण कुणाला तरी मराठीत विचारायचं नाही का?" ती म्हणाली, "तूच म्हणालीस ना बाय, तिथं इंग्लिशच लागतं म्हणून. मी मनात वाक्य जुळवत होते. अर्धं जुळलं की पुढचं विसरायला व्हायचं."

म्हणजे माझ्या शिकवण्यामुळे ती गप्प बसली. मंगळवारच्या बाजारात अनोळखी माणसाशी वांग्याच्या भावावरून पंधरा मिनिटं हुज्जत घालणारी बाई, कन्नड भाजीवालीशी कन्नडमध्ये, गोव्याच्या मासेवालीशी कोंकणीत बोलणारी बाई. बेळगावात राहणाऱ्याला तीन-चार भाषांत निभावून नेणं कुणी शिकवावं लागत नाही. ते तिच्याकडे होतं. मी पंधरा दिवस खपून ते काढून घेतलं आणि बदल्यात वीस व्याकरणशुद्ध वाक्यं दिली.

यावर आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं म्हणणं असं की मुंबईत ठीक आहे, मस्कतला उतरल्यावर मराठी कोण ऐकणार? इंग्रजी आलंच पाहिजे. बरोबर आहे, आणि मी इंग्रजीच्या विरोधात नाहीच. मीही इंग्रजीवरच पुढं जायचं म्हणते. माझं म्हणणं इतकंच की आपण शिकवतो ते विमानतळाचं इंग्रजी नाही. ते गुळगुळीत पाहुणचाराचं इंग्रजी आहे.

खऱ्या विमानाचं इंग्रजी कसं असतं, ते वैमानिकांकडे बघून कळतं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती, पण त्यांतलं एक भाषेचं होतं. डच वैमानिकानं रेडिओवर 'आम्ही टेक-ऑफला आहोत' अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. प्रत्यक्षात ते धावायला लागलं होतं. बोलणाऱ्याच्या मातृभाषेतली रचना इंग्रजीत उतरली असावी, असंही काही भाषाभ्यासकांनी मांडलं आहे. त्यानंतर नियम कडक झाले. 'टेक-ऑफ' हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. ऐकलेली परवानगी परत म्हणून दाखवायची. नीट ऐकू आलं नाही तर 'से अगेन'. त्यात 'सॉरी' नाही, 'प्लीज' नाही, 'वुड यू बी सो काइंड' तर नाहीच.

आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांसाठी इंग्रजीच्या सहा पायऱ्या ठरवलेल्या आहेत आणि किमान चौथी गाठावी लागते. त्या पायरीवर मातृभाषेचा हेल चालतो, व्याकरणाच्या बारीक चुकाही चालतात, अर्थ बिघडला नाही म्हणजे झालं. पण गैरसमज होतोय असं वाटलं तर विचारून, पडताळून घेता आलं पाहिजे. म्हणजे विमान चालवणाऱ्याच्या परीक्षेतसुद्धा पुन्हा विचारता येणं ही पात्रता आहे. आणि आमच्या तोंडी परीक्षेत समोरच्याला 'पुन्हा सांगा' म्हटलं की अर्धा मार्क जातो!

मावशीला खरं तर चार गोष्टी पुरल्या असत्या. 'से अगेन.' 'राइट इट, प्लीज.' पास पुढं करून नुसतं 'गेट?' आणि आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी, हा क्रम. बाकी सगळं मराठीतून समजावून घ्यायचं. तिकिटावरची वेळ ही विमान सुटायची असते, चढायची वेळ त्याच्या बरीच आधीची असते आणि दार सुटायच्या आधीच बंद होतं. 'डायरेक्ट' लिहिलेलं विमान मधे उतरू शकतं, न उतरणारं ते 'नॉन-स्टॉप'. आणि सगळ्यात वाईट सापळा मध्यरात्रीचा. आखाताची बरीच विमानं अपरात्री असतात. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ००:४० असेल, तर घरातून ११ च्या रात्री निघायचं. आमच्या ओळखीचे एक काका १२ च्या रात्री जेवूनखाऊन, हार घालून घेऊन पोचले होते. विमान जाऊन जवळजवळ दिवस झाला होता. काकांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आपल्या मंडळाला एक सुचवावंसं वाटतं. दरवर्षी आपण मराठी दिनाला मराठी टिकली पाहिजे अशी भाषणं करतो. मीही दोनदा केली आहेत, एकदा बक्षीसही मिळालं. यंदा त्याऐवजी कॉलेजच्या हॉलमध्ये एक रविवार दुपार ठेवूया. जुनी तिकिटं, बोर्डिंग पास, पाट्यांचे फोटो भिंतीवर लावूया, आणि ज्यांची मुलं बाहेर आहेत अशा आया-मावश्यांना बोलवूया. त्यांनी विचारायचं, आपण बेळगावी मराठीत सांगायचं. इंग्रजी विभागातल्या मुलांनीही यावं, पण वहीत वाक्यं लिहून देऊ नयेत. चर्चच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावायचं काम माझ्याकडे.

मावशी पुढच्या महिन्यात परत येते आहे. नातीचा फोटो आणि परतीचं तिकीट एकदमच व्हॉट्सॲपवर आलं. वेळ ००:५०. मी घाबरून फोन केला, "मावशी, कुठल्या रात्री निघायचं ठाऊक आहे ना?"

"आदल्या रात्री," ती म्हणाली. "जावयाला विचारून घेतलं, शेजारच्या मल्याळी बाईलाही विचारलं. तू आता काही शिकवू नकोस बाय. लोणच्याला बरण्या धुऊन ठेव."