जबाबदारी परिचारिकेची, अधिकार कोणाचा?

दरवर्षी १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण केला जातो, मेणबत्त्या उजळल्या जातात, सेवाव्रताची शपथ घेतली जाते आणि प्रमुख पाहुणे परिचारिकांना ‘माता’, ‘भगिनी’, ‘देवदूत’ अशी विशेषणे बहाल करून परततात. त्याच रात्री एखादी अधिपरिचारिका रुग्णांनी भरलेला वॉर्ड एकटीने सांभाळत असते. तिला मातेचे स्थान देणाऱ्या समाजाने आरोग्यव्यवस्थेविषयी तिचे मत मात्र क्वचितच विचारले आहे.

ज्यांच्या नावे हा दिवस साजरा होतो, त्या नाइटिंगेल यांनी मौन पाळले असते तर त्या इतिहासाला ठाऊकही झाल्या नसत्या. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा अस्वच्छतेने आणि साथींनी अधिक मरतात, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले आणि ब्रिटिश सरकारला उत्तर देणे भाग पाडले. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. परंतु येथील लष्करी छावण्यांचे आरोग्य, दुष्काळ, खेड्यांतील स्वच्छता या प्रश्नांचा त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. आपण त्यांचा दिवा तेवढा लक्षात ठेवला, त्यांचा वाद घालण्याचा बाणा विसरलो.

आपल्या परंपरेतही परिचर्येचे स्थान दुय्यम नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा तेथे आहे. त्यात अनुराग आहेच. पण आरंभी ज्ञान आहे. सेवाभावाचे गोडवे गाताना हे ज्ञान आपण सोयीस्करपणे बाजूला सारतो. वैद्य राऊंड घेऊन पुढे जातो. रुग्णाचा श्वास बदलला, लघवी कमी झाली, बाळंतिणीचा रक्तस्राव वाढला, हे सर्वप्रथम जाणते ती परिचारिका. चार पायांपैकी एक पाय मुका ठेवून रुग्णालय उभे राहील कसे?

परिचारिकांचे पहिले म्हणणे संख्येचे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात शासकीय वॉर्डात खाटांबरोबर जमिनीवरील गाद्याही भरलेल्या असतात. ठरल्या वेळी इंजेक्शने, संपत आलेल्या सलाईनच्या बाटल्या, औषधांचे हिशेब, कागदपत्रांतील नोंदी, नातेवाइकांच्या शंका आणि मध्येच एखादा मृत्यू, हे सारे एकाच पाळीत तिच्या वाट्याला येते. ‘मामा’ आणि ‘मावशी’ यांच्या जागा रिक्त असतील तर त्यांचे कामही तिच्याच शिरावर पडते.

या ताणाला कोणी वैयक्तिक दुबळेपणा समजू नये. अमेरिकेतील पेन्सिल्व्हानिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी आणि परिचारिका थकून कोलमडण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. कॅलिफोर्नियाने याविषयीचा कायदा १९९९मध्येच केला होता आणि २००४पासून प्रत्येक विभागातील परिचारिकांचे किमान प्रमाण बंधनकारक झाले. आपल्याकडे हे निकष बहुतांशी कागदावर राहिले. अलीकडे काही रुग्णालये तणावमुक्तीची शिबिरे भरवितात. योग आणि प्राणायाम उपयुक्तच आहेत. पण प्राणायामाने रिकाम्या पदावर माणूस येत नाही.

दुसरा प्रश्न वैद्यकीय राजकारणाचा आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोरोनाचे अकरा रुग्ण दगावले. निलंबनाची कारवाई जिल्हा शल्यचिकित्सकांपर्यंत पोहोचली. अटक मात्र प्रथम झाली ती एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना. कोणाचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. तथापि, वीजजोडणीची तपासणी, अग्निशमन यंत्रणेसाठी निधी आणि इमारतीची मंजुरी यांपैकी कोणत्या कागदावर परिचारिकेची स्वाक्षरी चालते, एवढे तरी विचारावेच लागेल. ऑक्टोबर २०२३मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत बारा नवजात अर्भके होती. त्यानंतर एका लोकप्रतिनिधीने प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. त्या दृश्याने वृत्तवाहिन्यांचा दिवस साजरा झाला. परंतु वॉर्डातील रिक्त पदे अशा तमाशाने भरत नाहीत.

मे २०२२मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी संप पुकारला, तेव्हा बाह्य संस्थेमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीला विरोध हा त्यांचा एक प्रमुख मुद्दा होता. संपामुळे रुग्णांचे हाल होतात, हा आक्षेप खराच आहे. काही परिचारिकांच्या तुसड्या वागण्याचे कटू अनुभवही अनेक कुटुंबांना आले आहेत आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. पण अस्थिर नोकरी, उशिरा मिळणारे वेतन आणि अपुरे मनुष्यबळ यांतून सौजन्य उमलावे, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे? खासगी क्षेत्राची स्थिती तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. जानेवारी २०१६मधील आदेशानंतर नेमलेल्या समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत शासकीय परिचारिकांइतके वेतन द्यावे आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते दरमहा वीस हजारांपेक्षा कमी नसावे, अशी शिफारस केली. शिफारस आणि अंमलबजावणी यांतील अंतर परिचारिका आजही मोजत आहेत.

परिचारिकेचे मत ऐकले गेले, असा एक प्रसंग मात्र देशाच्या स्मरणात राहायला हवा. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथील एका सफाई कामगाराने अमानुष अत्याचार केला. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे खरे आप्त म्हणून केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच मानले आणि ‘त्यांना जगू द्या’ ही त्यांची भूमिका ग्राह्य धरली. जी सेवा करते तिला निर्णयातही वाटा आहे, हे तत्त्व त्या दिवशी मान्य झाले.

सुरक्षिततेचा धडा मात्र आपण गिरवला नाही. महाराष्ट्रात रुग्णालयांतील हिंसाचाराविरुद्ध २०१०चा कायदा आहे आणि परिचारिकाही त्याच्या कक्षेत येतात. तरीही ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय कृती दल नेमावे लागले. केईएममधील त्या घटनेला तेव्हा पन्नास वर्षे उलटून गेली होती.

संसदेने २०२३मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा करून १९४७च्या कायद्याची जागा भरली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण त्याचा भर शिक्षण, नोंदणी आणि व्यावसायिक दर्जा यांवर आहे. वॉर्डातील रात्रपाळीचे गणित राज्य शासनाला आणि रुग्णालयांच्या व्यवस्थापनांनाच सोडवावे लागेल. प्रत्येक वॉर्डात पाळीनिहाय परिचारिकांची संख्या फलकावर लिहिणे, सुरक्षा आणि खरेदी समित्यांवर अधिसेविकेला मताचा अधिकार देणे, त्रुटींची लेखी तक्रार करणाऱ्या परिचारिकेला संरक्षण देणे, यांसाठी नव्या कायद्याची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.

सेवाभावी वृत्तीने रुग्णालये चालविणाऱ्या संस्था आणि त्यांना सढळ हाताने देणग्या देणारी कुटुंबे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. नव्या यंत्राच्या उद्घाटनाचे निमंत्रण आले की त्यांनी जरूर जावे. मात्र त्या यंत्राशेजारी रात्री दोन वाजता किती परिचारिका असतील, हा प्रश्न विश्वस्तांना विचारावा. उत्तर समाधानकारक नसेल, तर पुढची देणगी यंत्रासाठी देण्याऐवजी परिचारिकेच्या वेतनासाठी द्यावी.