विश्लेषण : दहा लाखांची बॅग दुकानाबाहेर पडताच वीस लाखांची कशी होते?

जुलै २०२५ मध्ये पॅरिसमध्ये सदबीज या लिलावसंस्थेने एक काळी, वापरून जुनी झालेली चामड्याची बॅग विकली. तिच्यावर चरे होते, एकेकाळी चिकटवलेल्या स्टिकरच्या खुणा होत्या, पट्ट्याला नखे कापायचे नेलकटर लटकवलेले होते. किंमत आली शुल्कासह सुमारे ८६ लाख युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास ८६ कोटी रुपये. लिलावात विकली गेलेली ही आजवरची सर्वात महाग हँडबॅग. अभिनेत्री-गायिका जेन बर्किन हिच्यासाठी एर्मेस या फ्रेंच कंपनीने बनवलेली ही पहिली ‘बर्किन’ असल्याने तिची गोष्ट वेगळी होती. पण या लिलावानंतर समाजमाध्यमांवर एक जुनाच दावा नव्या जोमाने फिरू लागला : बॅग ही सोन्यापेक्षा चांगली गुंतवणूक आहे. हा दावा कितपत खरा आहे, आणि तो नेमके कोण करते आहे?

बर्किन म्हणजे काय?

१८३७ मध्ये पॅरिसमध्ये घोड्यांचे साज बनवण्यासाठी सुरू झालेली एर्मेस आजही बॅग शिवताना खोगिराचीच शिवण वापरते. एकच दोरा, दोन सुया, हाताने. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसहून लंडनला जाणाऱ्या विमानात जेन बर्किनच्या वेताच्या टोपलीतले सामान सांडले आणि शेजारी बसलेले कंपनीचे प्रमुख जाँ-लुई द्युमा यांच्याशी तिचे बोलणे झाले. तरुण आईला पुरेल अशी बॅग मिळत नाही, ही तिची तक्रार. विमानातल्या कागदी पिशवीवर रेखाटन झाले आणि १९८४ मध्ये बॅग आली. गंमत म्हणजे बर्किनबाई स्वतः ती बॅग भाजीच्या पिशवीसारखी ठासून भरत, आणि १९९४ मध्ये त्यांनी ती एड्सविरोधी कामाच्या मदतीसाठी देऊनही टाकली. काचेच्या कपाटात, धूळ बसू नये म्हणून कापडी पिशवीत जपून ठेवायची वस्तू ती नंतर झाली.

दुकानातली किंमत आणि बाहेरची किंमत

अमेरिकेतील ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०२४ मध्ये या व्यवहाराचा हिशेब मांडला होता. साध्या काळ्या चामड्याची, २५ सेंटिमीटरची बर्किन दुकानात करांशिवाय ११,४०० डॉलरना मिळत होती, म्हणजे तेव्हाचे सुमारे साडेनऊ लाख रुपये. ती घेऊन बाहेर पडणारा ग्राहक त्याच दिवशी ती फेरविक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला २३ हजार डॉलरला देऊ शकत होता. व्यापारी ती पुढे ३२ हजार डॉलरपर्यंत विकत होता. बॅग बनवण्याचा खर्च? अंदाजे एक हजार डॉलर.

म्हणजे या साखळीत सर्वात कमी पैसा ती शिवणाऱ्या हातांकडे जातो. हे फक्त पॅरिसचे नाही. कोल्हापुरातल्या चप्पल कारागिरालाही ही गोष्ट सांगावी लागणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानमधील फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या आणि वाद उसळला, तेव्हा हाच प्रश्न समोर आला होता. फरक इतकाच की एर्मेस आपल्या कारागिराचे तास मोजून दाखवते आणि त्याची किंमत वसूल करते. कोल्हापुरीचे तास कुणी मोजतही नाही.

मग कंपनी भाव का वाढवत नाही?

बाजारात दुप्पट किंमत मिळत असताना दुकानदार ती वस्तू अर्ध्या किमतीत का विकेल, हा प्रश्न इथे कुणालाही पडेल. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला मात्र असा बाजार अनोळखी नाही. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नंबर लागलेली स्कूटर शोरूममधून निघून थेट दुसऱ्याच्या दारात उभी राही आणि वरचा ‘ऑन’ रोखीत हातात पडे. पण चेतकची टंचाई परवाना राजने लादलेली होती. किती स्कूटर काढायच्या, हे सरकार ठरवत होते. बर्किनच्या बाबतीत ते कंपनीच ठरवते.

टंचाई पूर्णपणे खोटी आहे, असेही नाही. एक कारागीर एक बॅग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवतो आणि त्याला १५ ते २० तास लागतात. नवा कारागीर तयार व्हायलाच दीड वर्ष जाते. फ्रान्समध्ये कंपनी नव्या कार्यशाळा उघडते आहे, पण मागणी ज्या वेगाने वाढते त्या वेगाने नाही, आणि तसे करण्याची तिला घाईही नाही. कारण दुकानातली आणि बाहेरची किंमत यांतली दरी हीच तिची सर्वात मोठी जाहिरात आहे. तिच्यासाठी एक पैसाही खर्चावा लागत नाही. २०२४ मध्ये एर्मेसची विक्री १५.२ अब्ज युरो होती आणि कामकाजातला नफा ४० टक्क्यांच्या वर. बहुतेक उद्योगांना हे स्वप्नातही दिसत नाही.

शिवाय ती दरी कंपनी सोडून देते, असे समजणे भाबडेपणाचे. ती वेगळ्या वाटेने वसूल होते.

‘आधी स्कार्फ घ्या, मग बघू’

एर्मेसच्या दुकानात जाऊन बर्किन मागितली तर ती मिळत नाही. प्रतीक्षायादी आहे असेही कुणी सांगत नाही. मायकल टोनेलो या अमेरिकी फेरविक्रेत्याने २००८ मध्ये आपल्या अनुभवांवर ‘ब्रिंगिंग होम द बर्किन’ हे पुस्तक लिहिले, त्यात त्याने ही किल्ली उघड केली होती : आधी स्कार्फ, पट्टे, बांगड्या असा ढीग काउंटरवर ठेवायचा आणि मग सहज विचारल्यासारखे बर्किनबद्दल विचारायचे. आता ग्राहकांच्या जगात याला ‘प्री-स्पेंड’ असा शब्दच रूढ झाला आहे. विक्रेत्याशी ओळख वाढवायची, खरेदीचा इतिहास तयार करायचा आणि एक दिवस आतल्या खोलीत बोलावणे येण्याची वाट पाहायची. श्रीमंत माणसे पैसे देऊन वस्तू मिळवण्यासाठी विक्रेत्याची मनधरणी करतात, हे दृश्य अन्यत्र क्वचितच दिसेल.

मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील काही ग्राहकांनी याविरुद्ध संघराज्य न्यायालयात दावा ठोकला. एक वस्तू मिळवण्यासाठी दुसरी घ्यायला लावणे हा स्पर्धाविरोधी व्यवहार आहे, असे त्यांचे म्हणणे. विक्रेत्यांना बर्किनवर कमिशन मिळत नाही, पण इतर किरकोळ वस्तूंवर ३ टक्के मिळते, असाही आरोप दाव्यात होता. अशा अटी घालण्यास आपल्याकडे सक्त मनाई असल्याचे कंपनी सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी दावा फेटाळला. कंपनी आपल्या सर्वाधिक खर्च करणाऱ्या ग्राहकांसाठी बर्किन राखून ठेवत असेलही, पण तेवढ्याने स्पर्धा कायद्याचा भंग होत नाही, असा निकालाचा आशय होता.

कायद्याच्या चौकटीत हे बरोबर असेल. बर्किन काही औषध किंवा रेशनचे धान्य नाही. पण यातून फेरविक्रीच्या हिशेबातली एक मोठी चूक उघड होते. दहा लाखांची बॅग मिळवण्यासाठी ज्याने आधी पाच-सात लाखांच्या न वापरायच्या वस्तू घेतल्या, त्याची खरी खरेदी किंमत दहा लाख नसतेच. त्या स्कार्फ-सँडलना बाजारात निम्मी किंमतही मिळेल याची खात्री नाही. ‘दुप्पट झाले’ म्हणून फिरणाऱ्या व्हिडीओंमध्ये हा खर्च कुणी धरत नाही.

सोन्यापेक्षा चांगली गुंतवणूक?

या दाव्याचे मूळ शोधत गेले की २०१६ मध्ये पोहोचायला होते. त्या वर्षी एका अभ्यासात बर्किनच्या किमतीने ३५ वर्षांत सोने आणि अमेरिकी शेअर निर्देशांक दोघांनाही मागे टाकले, दरवर्षी सरासरी १४.२ टक्के वाढ दिली, असे म्हटले होते. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी छापली. अभ्यास कुणाचा होता? बॅगहंटर या संकेतस्थळाचा. त्याचा धंदा बर्किन विकण्याचा. जमिनीच्या दलालाने ‘जमिनीचे भाव कधी पडत नाहीत’ म्हणावे, तसाच हा प्रकार. तरीही दहा वर्षे हा आकडा उद्धृत होतोच आहे.

सोन्याशी तुलना करायचीच तर नीट करावी. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो, कोणत्याही गावातल्या सराफाकडे ते त्याच दिवशी मोडता येते, घट आणि घडणावळ किती जाईल हे आधी कळते. बॅगेचा भाव जाहीर होत नाही. रंग, चामडे, कडीचा धातू, आकार, बनवल्याचे वर्ष, मूळ डबा आणि पावती आहे की नाही, कोपरे घासलेत का, यावर तो ठरतो. एका मोसमात ज्या गुलाबी छटेसाठी झुंबड उडते, ती पुढच्या मोसमात पडून राहते. आणि विकताना मधला माणूस मोठा वाटा घेतो. जेन बर्किनच्या बॅगेवर शेवटची बोली ७० लाख युरोची होती. वरचे सुमारे १६ लाख युरो हे लिलावाचे शुल्क.

बर्किन, केली आणि आणखी एखाद-दुसरे नाव सोडले तर हा प्रश्नच उद्भवत नाही. बहुतेक महागड्या ब्रँडच्या बॅगा शोरूममधून बाहेर पडलेल्या मोटारीसारख्या असतात, दाराबाहेर आल्या की उतरतात. ‘लक्झरी बॅग म्हणजे गुंतवणूक’ या वाक्यात बर्किनचे उदाहरण देऊन भलतीच बॅग विकली जाते, आणि कधीकधी हप्त्यांवर. नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झालेल्या मुलीने पगाराच्या तीन-चार पट किमतीची बॅग हौसेने घेतली तर तो तिचा प्रश्न. ‘पैसे कुठे जात नाहीत’ असे सांगून ती तिच्या गळ्यात मारली गेली, तर मात्र ती फसवणूक आहे.

खुद्द बर्किनचाही ओघ ओसरला आहे. करोनाकाळात घरात बसलेल्या, शेअर आणि क्रिप्टोमध्ये अचानक कमावलेल्या खरेदीदारांनी भाव चढवले. २०२२ च्या आसपास फेरविक्रीचा भाव दुकानातील किमतीच्या दुपटीहून वर गेला होता. त्यानंतर चीनमधली मागणी मंदावली, कंपनीने दरवर्षी किमती वाढवल्या आणि ही दरी बरीच आक्रसली. २०२२ मध्ये व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घेणाऱ्यांपैकी अनेकांना आज तेवढे पैसे परत मिळणे कठीण आहे.

अस्सल की नक्कल?

फेरविक्रीच्या बाजाराला लागलेली खरी कीड हीच. ‘सुपरफेक’ म्हणवल्या जाणाऱ्या नकला आता तज्ज्ञांनाही चकवतात. २०२० मध्ये पॅरिसच्या न्यायालयात नकली बर्किन बनवणाऱ्या टोळीवर खटला चालला, तेव्हा दहा आरोपींपैकी सात जण एर्मेसचेच माजी कर्मचारी होते. ज्या हातांना खरी शिवण येते तेच हात नकली बॅग शिवत असतील तर फरक ओळखायचा कशावरून? बाहेरून घेतलेल्या बॅगेला कंपनी अस्सलपणाचा दाखला देत नाही. तो देणारे खासगी तपासनीस आहेत, पण त्यांच्या दाखल्याचे वजन तेवढेच, जेवढे त्यांच्या नावाचे. अमेरिकेत ‘व्हॉट गोज अराउंड कम्स अराउंड’ या नामांकित फेरविक्रेत्याविरुद्ध शनेल कंपनी न्यायालयात गेली आणि २०२४ मध्ये ज्युरीने शनेलच्या बाजूने ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली. प्रतिष्ठित दुकानांची ही अवस्था असेल तर इन्स्टाग्रामवरच्या खात्याबद्दल काय बोलावे?

भारतात काय परिस्थिती?

एर्मेसने २०११ मध्ये मुंबईत फोर्टमधील हॉर्निमन सर्कलला दुकान थाटले. पण इथेही बर्किन मागून मिळत नाही, त्यामुळे फेरविक्रीचा धंदा दुबई, पॅरिस, सिंगापूरहून येणाऱ्या बॅगांवर चालतो. त्यातल्या किती सीमाशुल्क भरून येतात आणि किती ‘वापरातली आहे’ म्हणत खांद्याला अडकवून, हे विमानतळावरचे अधिकारीच जाणोत. मगरीच्या चामड्याच्या बॅगेला तर वन्यजीव व्यापारावरील ‘साइटिस’ कराराचा परवाना लागतो. तो नसेल तर बॅग जप्त होऊ शकते. फेरविक्रीत घेणाऱ्याला याची कल्पना नसते आणि देणारा ती देत नाही.

सरकारचे लक्ष या बाजाराकडे उशिरा का होईना, गेले आहे. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांहून महाग घड्याळे, चित्रे, गॉगल, बूट यांच्याबरोबर हँडबॅगच्या विक्रीवरही एक टक्का कर उगमस्थानी वसूल करण्याचा नियम लागू झाला. हा वेगळा कर नाही, विवरणपत्र भरताना त्याची वजावट मिळते. हेतू इतकाच की एवढी खरेदी करणाऱ्याचा पॅन क्रमांक प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत यावा. दुकानातून पावतीसह घेतलेली बॅग आता त्या नोंदीत येईल. व्हॉट्सअॅपवर फोटो पाहून, हॉटेलच्या लॉबीत भेटून, रोखीत घेतलेली मात्र येणार नाही. आणि ती नकली निघाली तर तक्रार करायला पावतीही नसेल.